चौदा नंबरचा चिमटा

“तापलंय बघ,” भडकमकर सर म्हणाले.

पंप नुकताच बंद झाला होता. शेडमधला दिवसभराचा घोंगाट एकदम थांबला की कानात पोकळी झाल्यासारखं व्हायचं आणि कुणी साधं खाकरलं तरी दचकायला व्हायचं. सर धरणाच्या मॉडेलपाशी उकिडवे बसले होते. सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या वर, पंजा पाण्यात. मीही शेजारी बसले, हात बुडवला आणि झटकन बाहेर काढला.

“आई गं! चटका बसला, सर.”

“बसणारच. दीड मीटरवरून पडलंय ते. गंमत आहे काय?”

पाणी गार होतं. डिसेंबरात तर इतकं गार की बोटं बधिर व्हायची. पण पंप बंद झाल्यावर हात घालायचा आणि पाणी तापलं म्हणायचं, हा आमचा रोजचा खेळ होता. सर अठ्ठावन्नाला टेकलेले, मी पंचवीसची. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही येरवड्याला पोचवलं असतं.

खेळ सुरू झाला माझ्या पहिल्या आठवड्यात. मी गडहिंग्लजची. आमच्याकडं माणूस मनात काही ठेवत नाही, आणि मी तर त्यातही वरचढ. ‘उचलली जीभ की लावली टाळ्याला’ हे आईनं माझ्याबद्दल इतक्यांदा म्हटलं होतं की मला ते माझं दुसरं नाव वाटायचं. तर नोकरीच्या तिसऱ्या दिवशी चार इंजिनिअरांसमोर मी विचारलं, “हे पाणी सांडव्यावरून एवढ्या जोरात खाली येतं आणि खालच्या कुंडात येऊन गप होतं. मग तो जोर जातो कुठं?”

सगळे हसले. एकजण म्हणाला, “रेडेकरबाई, कॉलेजात हा धडा ऑप्शनला टाकला होता वाटतं?”

सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातून पोटॅशच्या जांभळ्या खड्यांची पुडी काढली, मला मॉडेलपाशी नेलं आणि एक खडा कुंडात टाकला. जांभळा रंग गरगरत वर आला.

“हा थोरला भोवरा,” ते म्हणाले. “याला वरून भरपूर मिळालंय. पण हा स्वतः खर्च करत नाही. बघ, मोडला. याच्या पोटातून चार निघाले. याचं होतं ते त्या चौघांना गेलं. ते चार मोडतील, त्यांचे वीस होतील. असं करत करत टाचणीच्या डोक्याएवढा राहिला की त्याला पुढं द्यायला कुणी नसतं. मग तो तिथल्या तिथं पाण्याला पाणी घासून सगळं जिरवतो. त्याची ऊब होते. तुझा जोर गेला तो तिकडं.”

“मग पाणी तापत असेल की.”

“तापतं ना.” त्यांनी शेडच्या खांबावर खडूनं गणित मांडलं. “आपल्या मॉडेलमध्ये अंशाचा तीनशेवा भाग. तुझ्यामाझ्या हाताला कळायचा नाही.”

मी हात बुडवला. “मला कळला, सर. चटका बसला.”

ते हसले. पाठीमागं भिंतीला वीट लावत असलेले इसाक मिस्त्री थापी हातात तशीच धरून वळले. नंतर मला म्हणाले, “ताई, चार वर्षांत सायबाला हसताना बघितलं न्हवतं.” चार वर्षांपूर्वी सरांची बायको गेली होती.

हे सगळं १९८३ सालचं. शहरापासून सतरा किलोमीटरवर आमचं जलसंशोधन केंद्र होतं. धरण बांधायच्या आधी त्याचं चाळीसपट लहान मॉडेल सिमेंटात करायचं, त्याच्यावरून पाणी सोडायचं आणि खरं धरण कसं वागेल ते बघायचं, हे काम. केंद्रात बाई इंजिनिअर मी एकटी. कॉलनीतल्या बायका मला इंजिनिअर समजायच्या आणि इंजिनिअर मला बाई समजायचे, त्यामुळं हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नव्हतं आणि चहालाही नाही. रविवारी सकाळी दूधवाल्याशी बोललं की थेट सोमवारीच तोंड उघडायचं. माझ्यासारखीला हे म्हणजे जेवण तोडण्यापैकी. पहिल्या महिन्यात मी खोलीत भिंतीवरच्या पालीशी बोलायचे. पाल बरी, निदान चुकचुकायची तरी.

मग सरांनी एक दिवस डबा खायला हाक मारली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही बसायचो. त्यांच्या पोळ्या स्वतः केलेल्या, एका बाजूनं करपलेल्या. “आफ्रिकेचा नकाशा खाणार का?” असं विचारून ते अर्धी माझ्या डब्यात टाकायचे. मी गडहिंग्लजच्या बाजारापासून भावाच्या बायकोपर्यंत सगळं सांगायचे आणि ते ऐकायचे. खरंच ऐकायचे, परवा सांगितलेलं आज विचारायचे. दिवसातला तो एक तास माझा होता. बाकीचे तेवीस कसेबसे काढायचे. आणि जानेवारीअखेर सर निवृत्त होणार होते.

त्यांचं शेवटचं काम कानवडी धरणाचं. साठ मीटर उंचीचा सांडवा आणि त्याच्या पायथ्याशी कुंड. पडलेल्या पाण्यानं आपला जोर त्या कुंडात जिरवायचा आणि पुढं नदीत शहाण्यासारखं जायचं. कुंडाची फरशी काँक्रीटची, मोठमोठ्या चौकोनी तुकड्यांची. ती फुटली तर पाणी खालची जमीन पोखरून धरणाच्या पायाला हात घालणार, आणि धरणाखाली दोन किलोमीटरवर नांदवली गाव. फरशी किती जाड घालायची ते आमच्या आकड्यांवर ठरायचं.

आकडे असे निघायचे. मॉडेलच्या फरशीला चोवीस बारीक भोकं होती. प्रत्येक भोकातून एक रबरी नळी निघून शेजारच्या लाकडी फळ्यावर उभ्या लावलेल्या काचेच्या नळीला जोडलेली. काचेत पाणी जितकं वर, तितका फरशीवर दाब. पण वर भोवऱ्यांचा धिंगाणा चाललेला असायचा, म्हणून काचेतलं पाणी सारखं नाचायचं. नाचत्या पाण्याचा आकडा कसा लिहिणार? त्यासाठी सरांनी मला पहिल्याच दिवशी चोवीस चिमटे दिले होते, स्प्रिंगचे, कपडे वाळत घालताना लावतो तसे. चिमटा रबरी नळीवर लावला की नळी आवळली जायची आणि काचेतलं पाणी सरासरी उंचीवर मुकाट उभं राहायचं. केंद्रात सगळे असंच करायचे. बत्तीस वर्षांपूर्वी ही पद्धत सरांनीच घातली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कानवडीचा रिपोर्ट सह्या होऊन तयार झाला. पुढच्या मंगळवारी मुख्य अभियंता जगदाळेसाहेब येऊन मॉडेल पाहणार, मान हलवणार आणि आराखडा मंजूर. त्याआधीच्या शनिवारी चौदा नंबरच्या चिमट्याची स्प्रिंग तुटली.

टण्ण करून चिमटा खाली पडला आणि चौदा नंबरच्या काचेतलं पाणी उसळलं. वर गेलं, खाली आलं, वीतभर खाली आलं. मी बघतच राहिले. चिमट्याशिवाय ही नळी मी कधी पाहिलीच नव्हती.

“दुसरा लाव,” सर लांबून म्हणाले आणि रजिस्टरात मान घातली.

लावला नाही. हात दाखवून अवलक्षण करायची सवय मला जन्माची. शनिवारी सगळे गेल्यावर इसाक मिस्त्रींना म्हटलं, “मिस्त्री, उद्या तासभर पंप लावाल का? कुणाला सांगू नका.”

“रविवारी? ताई, मटन आणायचं असतंय मला.”

“मटण मी देते.”

“तुम्ही काय देताय! तुम्हाला भात तरी येतोय का शिजवाय?” असं म्हणून ते रविवारी सकाळी आठला हजर.

मी चोवीसच्या चोवीस चिमटे काढले. फळ्यावर नुसती धांदल उडाली. मी स्टुलावर बसून प्रत्येक नळीचं पाणी वर कुठवर जातं आणि खाली कुठवर, ते लिहीत गेले. चौदा नंबरची सरासरी अठरा सेंटिमीटर, रिपोर्टात होती तीच. पण पाणी एकतीसपर्यंत उडत होतं आणि सहापर्यंत बुडत होतं. शेजारची पंधरा नंबर वर असली की चौदा खाली. आणि ही दोन्ही भोकं एकाच फरशीवर होती, एक या कडेला, एक त्या कडेला.

“मिस्त्री, फरशीच्या सांध्यातून पाणी खाली जातं ना?”

“जाणारच. पाण्याला कोण अडवतंय?”

“मग या कडेचा जोरदार दाब सांध्यातून फरशीच्या पोटाखाली शिरला आणि त्याच वेळी वरचं ओझं हलकं झालं, तर?”

मिस्त्रींनी हनुवटी खाजवली. “आपल्या मॉडेलात फरशी अखंड वतलीय. ती कशी उठंल? सुटी करून बघा की.”

त्यांनी तासाभरात छिन्नीनं चौदा-पंधराची फरशी कापून मोकळी केली, खऱ्या फरशीच्या हिशेबानं वजन जुळवून तशीच परत बसवली, आणि पंप लावला. आम्ही दोघं काठावर पालथे पडून बघत होतो. पाच मिनिटं काही नाही. मग ती थरथरायला लागली. साडेसात मिनिटांनी तिचा एक कोपरा वर आला, आत पाणी घुसलं, आणि फरशी पत्त्यासारखी उलटून वाहून गेली.

“या अल्ला,” मिस्त्री म्हणाले.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? मी शोध लावला होता. वही छातीशी धरून मी कॉलनीभर पळत सरांच्या दारात गेले, आणि कडी वाजवताना कुठं माझ्या ध्यानात आलं की मी काय घेऊन आलेय.

सरांनी वही चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली.

“चौदा आणि पंधरा एकाच वेळी वर नसतात?”

“नाही, सर. एक वर, एक खाली.”

“सुटी फरशी किती टिकली?”

“साडेसात मिनिटं.”

ते उठून आत गेले, चहा टाकला, दोन कप भरले. मला दिला. स्वतःचा ओट्यावरच विसरले.

“बत्तीस वर्षं चिमटे लावतोय मी,” ते म्हणाले. “भोवरे, भोवरे म्हणून तुला कौतुकानं दाखवले. आणि आकडा घ्यायच्या वेळी त्यांचाच गळा आवळून ठेवला.”

“आधीची कुंडं, सर?”

“ती वाचतील. तेव्हा आम्ही अडाणी होतो, फरशी दुप्पट जाड घालायचो. या वेळी मी हुशारी केली. म्हटलं, सरासरी एवढी कमी आहे तर कशाला उगाच काँक्रीट?” त्यांनी वही मिटून माझ्यापुढं सरकवली. “कुणाला बोललीस?”

“इसाक मिस्त्रींना माहीत आहे.”

“तो बोलायचा नाही.”

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मंगळवारी फळ्यापाशी तू उभी राहा. चिमटे तुझ्या ताब्यात. तुला योग्य वाटेल ते कर.”

मी घरी आले. ‘कुणाला बोललीस’ आणि ‘तो बोलायचा नाही’ ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली होती. मला वाटलं, म्हातारा हात जोडतोय. उघड म्हणवत नाही, पण म्हणतोय की वीसेक दिवस राहिलेत, मला मानानं घरी जाऊ दे.

सोमवारी सर कामावर आलेच नाहीत. टाकीच्या सावलीत मी एकटीनं डबा उघडला आणि दोन घास खाऊन बंद केला. समोर सगळं केंद्र चाललेलं, माणसं येत-जात होती, एकानंही विचारलं नाही की रेडेकरबाई आज एकट्याच? तेव्हा मला पुढचं सगळं आयुष्य तसंच दिसलं. आणि मी ठरवून टाकलं.

मी स्वतःला काय काय समजावलं ते सांगते, म्हणजे माझी लाज पुरती होईल. म्हटलं, काँक्रीट पडायला अजून दोन वर्षं आहेत. सर घरी गेले की हळूच कुणाच्या तरी कानावर घालू. निनावी पत्र टाकू. नांदवली काही उद्या बुडत नाही. आज एका माणसाला भरसभेत उघडं पाडण्यात काय पुरुषार्थ? असं सगळं अगदी नीट, पायरीपायरीनं.

मंगळवारी सकाळी मी चोवीस चिमटे लावले. चौदा नंबरला नवा लावला.

मिस्त्री फळ्यापाशी आले. “ताई, हे काय?”

“गप बसा, मिस्त्री.”

“फरशी मी परवाच परत चिकटवून ठेवलीय, कुणाच्या पायात येऊ ने म्हणून. पण चिमटे? सायेब बोलले का?”

“गप बसा म्हटलं ना!”

अकराला जगदाळेसाहेब आले, मागं पाच-सहा माणसं. सर सगळ्यांत शेवटी आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, पण डोळे दोन रात्री न झोपल्यासारखे. पंप सुरू झाला. सांडव्यावरून पाणी कोसळलं, कुंड खवळलं, आणि फळ्यावर चोवीस काचांत पाणी शाळेतल्या प्रार्थनेला उभं केलेल्या पोरांसारखं ताठ उभं राहिलं.

“वा!” जगदाळेसाहेब फळ्याकडं बघून म्हणाले. “वर एवढा गोंधळ आणि खाली काय शांतता आहे! उत्तम काम, भडकमकर.”

सर फळ्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना डोळ्यांनी सांगायला बघत होते की काळजी करू नका, मी आहे. ते काही घेतच नव्हते. ते नुसते बघत राहिले, आणि मग मलाच खाली बघावं लागलं.

“साहेब, जरा थांबा,” ते म्हणाले.

ते फळ्यापाशी आले. पहिला चिमटा काढला, खिशात टाकला. दुसरा काढला. कुणालाच कळेना काय चाललंय. सातव्या-आठव्या नळीपर्यंत जगदाळेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. चोवीस काढून होईतो सगळा फळा नाचायला लागला होता.

“हे काय आहे, भडकमकर?”

“हे खरं आहे, साहेब. आधी दिसत होतं ती मी करून ठेवलेली शांतता. रिपोर्ट चुकलाय. फरशी उठेल.”

“उठेल म्हणजे?”

“इसाक, ती फरशी पुन्हा मोकळी कर.”

पंप थांबला. मिस्त्री छिन्नी घेऊन कुंडात उतरले. अर्धा तास सगळे उभे होते. पुन्हा पंप लागला. या वेळी सहा मिनिटं पुरली. फरशी उलटली तेव्हा साहेबांच्या मागचा एकजण “अरे बापरे” म्हणाला.

जगदाळेसाहेबांचा आवाज पंपाच्या वर चढला. “बत्तीस वर्षं काय झोपा काढल्यात काय इथं? परवा सही केलीत आणि आज म्हणताय चुकलंय? हे शोधलं कुणी?”

मला वाटलं, आता नाव घेणार. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं मला झालं, कारण नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग आज चिमटे कुणी लावले.

“माझी चूक मलाच सापडली,” सर म्हणाले. “नवीन मोजणी करून अठरा दिवसांत रिपोर्ट देतो.”

साहेब चहा न घेता गेले.

मिस्त्रींनी पंप बंद केला आणि ते माझ्याकडं न बघता बाहेर निघून गेले. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. कानात तीच पोकळी. सर कुंडाच्या काठाला उभे होते. मी जवळ गेले.

“सर, मला वाटलं तुम्हाला... मी तुमच्यासाठी...”

“माझ्यासाठी?” ते वळले. “नांदवलीत किती घरं आहेत, माहीत आहे?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“दोनशे चाळीस. मी काल तिथं गेलो होतो. बसनं. एका घरी पाणी प्यायलो.” त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “माझी छाती होत नव्हती, रेडेकर. खरं सांगतो. बत्तीस वर्षांवर स्वतःच्या हातानं बोळा फिरवायचा म्हणजे... म्हणून तुझ्याकडं दिलं. म्हटलं, माझा हात नाही उठला तरी हिचा उठेल. ही पोरगी कुणाच्या बापाला भीत नाही. दोन दिवस तेवढ्या एका आधारावर काढले मी.”

“सर...”

“मी भ्यालो, कारण माझं सगळं जाणार होतं. तू कशाला भ्यालीस? तुझं काय जात होतं?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुम्ही जात होता, सर. मला या अख्ख्या जगात बोलायला एक माणूस होतं आणि ते माझ्यावर रुसेल याची मला भीती वाटली. एवढंच होतं. सगळ्या पायऱ्या मोडून टाकल्या तर खाली एवढंच निघत होतं, दोनशे चाळीस घरांच्या बदल्यात दुपारचा एक डबा. उचलली जीभ टाळ्याला लावणारी मी, आणि त्या दिवशी ती जीभ उचललीच नाही.

मग त्यांनी खिशातले चोवीस चिमटे काढून फळ्याखालच्या खोक्यात टाकले आणि नळावर हात धुतले. पाण्यात हात घातला नाही.

पुढचे अठरा दिवस आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं. चिमट्याशिवाय एकेक नळी दहा-दहा मिनिटं बघायची.

“चौदा?”

“वर एकतीस, खाली सहा.”

“पंधरा?”

“वर तीस, खाली सात.”

आकड्यांपलीकडं एक अक्षर नाही. रागावलेही नाहीत. डबा ते ऑफिसात खायचे. मी टाकीपाशी जाऊन बसायचे, की येतील. फरशी दुप्पट जाड, खाली खडकात सळ्या रुतवून बांधलेली, सांधे बंद, असा नवा रिपोर्ट तीस तारखेला गेला. त्यावर माझं नाव त्यांनी आपल्या नावाच्या वर घातलं होतं. ते पाहून मी संडासात जाऊन रडले.

शेवटच्या दिवशी पंप बंद झाल्यावर मी मॉडेलपाशी जाऊन बसले. बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि वाट पाहत राहिले. सर मागं आवरत होते. छत्री घेतली, डब्याची पिशवी घेतली. पावलं माझ्या पाठीमागं येऊन थांबली. मी वळून बघितलं नाही. म्हटलं, आत्ता म्हणतील. आत्ता म्हणतील. मग पावलं दाराकडं गेली.

मी त्यांना चार पत्रं घातली. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचव्यांदा दौत उघडली आणि परत बंद केली. सहा वर्षांनी केंद्राच्या सूचनाफलकावर दोन ओळींची सूचना लागली, तिथं कळलं की ते गेले.

कानवडी धरण १९९४ साली पहिल्यांदा पूर्ण भरलं. ऑगस्टात आठही दरवाजे उघडायची वेळ आली तेव्हा केंद्राकडून मला पाठवलं. आता मला सगळे ‘रेडेकर मॅडम’ म्हणत होते आणि चहालाही बोलवत होते. मीच जात नव्हते. तीन दिवस पाणी कोसळत होतं. जमीन हादरत होती, कुंडात घराएवढे भोवरे उठत होते, मोडत होते. नांदवलीची माणसं पोराबाळांना घेऊन कठड्याशी उभी राहून भजी खात बघत होती. दरवाजे बंद झाल्यावर आठवड्यानं कुंड उपसलं, मी फरशीवरून चालले, एक तुकडा तसूभर हलला नव्हता. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते दरवाजे बंद झाले त्या संध्याकाळचं.

शेवटचा दरवाजा खाली बसला आणि तीन दिवसांचा आवाज एकदम थांबला. कानात पोकळी झाली. अकरा वर्षांनी तीच, पण केवढी. मी पायऱ्या उतरून कुंडाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या कडेला गेले. मागोमाग धरणावरचा पहारेकरी आला, मॅडम घसरतील म्हणून. मी उकिडवी बसले, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

“तापलंय बघा,” मी म्हणाले.

पहारेकरी भला माणूस होता. त्यानं वाकून बोटं बुडवली. “न्हाई ओ मॅडम. बर्फागत गार हाय की.”

“साठ मीटरवरून पडलंय. अंशाचा सातवा भाग तापतं. हाताला कळत नाही.”

“असंल, असंल,” तो म्हणाला. मग बिडी ओढायला पायऱ्या चढून वर गेला.

मी तशीच बसून राहिले. अंधारून आलं होतं, पाण्यावर फेसाचे शेवटचे बुडबुडे फिरत होते, हाताची बोटं बधिर झाली होती. पुढचं वाक्य माझं होतं. ऐकायला कुणी नव्हतं, तरी मी म्हटलं.

“आई गं,” मी म्हटलं. “चटका बसला, सर.”